यात्रेच्या चित्रणाच्या तीन डीव्हीडी : सगळे भाग जोडून एकच व्हिडिओ फाइल कशी करावी?

होटगी रोड (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मामांनी २००६ च्या जानेवारीत आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे चित्रण स्वतःच्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर केले होते आणि पुढे एका स्टुडिओतून त्याच्या तीन डीव्हीडी करून घेतल्या होत्या. मूळ टेपा आता शिल्लक नाहीत, त्यामुळे जे काही आहे ते या तीन डिस्कवरच आहे. पहिल्या डिस्कवर नंदीध्वजांची मिरवणूक आणि अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, दुसरीवर संमती कट्ट्याजवळचा अक्षता सोहळा आणि तिसरीवर होम मैदानावरचा होम, शोभेचे दारूकाम व कप्पडकळी (यात्रेच्या समारोपाचा विधी) असा क्रम आहे. आजीला हे सगळे टीव्हीवर सलग पाहता यावे आणि पुण्याच्या मावशीलाही एक प्रत पाठवता यावी, म्हणून तिन्ही डिस्कची मिळून एकच फाइल करण्याचा विचार आहे.

अडचण अशी की, डिस्क संगणकात उघडली की त्यात सलग चित्रपट दिसतच नाही. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन प्रकारच्या फायली आहेत. पहिल्या डिस्कवर चार मोठ्या व्हीओबी फायली असून त्यांतील तीन नेमक्या एकाच आकाराच्या, म्हणजे १०,४८,५४४ केबीच्या आहेत आणि चौथी लहान आहे. त्या एकेक करून वाजवल्या तर पहिली फाइल ‘हर्र बोला’ इथपर्यंत येऊन थांबते आणि राहिलेला ‘हर्र’ दुसऱ्या फायलीच्या सुरुवातीला ऐकू येतो. एका कन्व्हर्टरने या फायलींचे वेगवेगळे एमपी४ करून ते जोडून पाहिले, पण प्रत्येक जोडावर चित्र अडखळते, आवाज क्षणभर जातो आणि चित्राचा दर्जाही उतरलेला दिसतो. शिवाय तिसरी डिस्क शेवटच्या भागात वाचताना ड्राइव्ह नुसता घरघरत राहतो. विंडोजचा लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह एवढी सामग्री माझ्याकडे आहे. दर्जा न घालवता हे काम कसे करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी मिल

आपण दिलेला १०,४८,५४४ केबी हा आकडाच सगळे सांगून जातो. डीव्हीडी व्हिडिओच्या नियमानुसार एक व्हीओबी फाइल एक जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. त्यामुळे चित्रण कितीही सलग असले तरी ती मर्यादा आली की डिस्क तयार करणारे सॉफ्टवेअर प्रवाह तिथल्या तिथे तोडून पुढचा भाग नव्या फायलीत लिहू लागते. दृश्य संपले आहे का, घोषणा पुरी झाली आहे का, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. म्हणूनच आपली घोषणा मध्येच तुटली. हे चार वेगळे व्हिडिओ नसून एकाच प्रवाहाचे चार तुकडे आहेत. त्यांचे आधी वेगवेगळे एन्कोडिंग (चित्र आणि आवाज नव्याने दाबून लिहिणे) करून मग ते जोडायचे म्हटले की जोडावर झटका बसणारच, कारण तुकडा जिथे तुटला आहे तिथली शेवटची चित्रे आणि आवाजाची शेवटची चौकट पुढच्या फायलीतील माहितीशिवाय पूर्ण होत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा की आधी जोडणे आणि मग, लागलेच तर, कॉम्प्रेस करणे. हे दोन टप्पे एकत्र करणारी बरीच सॉफ्टवेअरे बाजारात आहेत, पण जुन्या घरगुती चित्रणासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. पहिला टप्पा नुसता उचलून ठेवण्याचा आहे आणि त्यात चित्राचा एक कणही बदलण्याचे कारण नाही.

मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर त्यासाठी सर्वांत सोयीचे आहे आणि डीव्हीडीच्या कामासाठी ते विनामूल्य आहे. ते व्हीओबी फायली एकामागून एक चिकटवत बसत नाही, तर आयएफओ फाइल वाचते. कोणते टायटल (डिस्कवरचा एक स्वतंत्र कार्यक्रम) कोणत्या तुकड्यांतून, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ वाजवायचे याचा सगळा हिशेब आयएफओमध्ये लिहिलेला असतो, आणि बीयूपी ही त्याच फायलीची राखीव प्रत असते. मेकएमकेव्हीला डिस्क दाखवली की ते टायटलांची यादी देते. त्यातील हवे ते निवडून सेव्ह केले की मूळ एमपीईजी-२ (डीव्हीडीवर चित्र दाबून लिहिण्याची पद्धत) चित्र आणि मूळ आवाज जसेच्या तसे एका एमकेव्ही फायलीत येतात. पुन्हा एन्कोडिंग होत नसल्यामुळे दर्जा उतरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि लागणारा वेळ म्हणजे फक्त डिस्क वाचायला लागणारा वेळ.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे. १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल हे सॉफ्टवेअर मुळात यादीतच घेत नाही. स्टुडिओने एखादा छोटा प्रसंग स्वतंत्र टायटल म्हणून टाकला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा कमी करावी लागते. दुसरे म्हणजे, काही डिस्कवर वेगवेगळ्या प्रसंगांची टायटले असतात आणि त्यांच्या जोडीला तेच सगळे सलग दाखवणारे एक मोठे टायटलही असते. सरसकट सगळे निवडले तर तेच चित्रण दोनदा येईल. प्रत्येक टायटलची लांबी पाहून बेरीज करावी म्हणजे लगेच कळते.

मुक्काम बार्शी

एवढा खटाटोप कशासाठी? व्हीओबी या मुळात एमपीईजी प्रोग्रॅम स्ट्रीमच्याच फायली आहेत, त्यामुळे कमांड प्रॉम्प्टवर ‘कॉपी’ आज्ञेला ‘स्लॅश बी’ जोडून आणि फायलींची नावे अधिकच्या चिन्हाने सांधून दिली तर विंडोज स्वतःच त्यांची एक फाइल करून देते. काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि काही शिकावेही लागत नाही. ‘स्लॅश बी’ मात्र विसरू नये, कारण त्याशिवाय विंडोज फायली मजकुराच्या समजून जोडते आणि कंट्रोल-झेडचे चिन्ह लागले की फाइल तिथेच संपली असे धरते. शून्य क्रमांकाची व्हीओबी म्हणजे मेनू असतो, ती वगळून एक क्रमांकापासून पुढच्या घ्याव्यात.

जुनी मिल

बार्शीकरांची युक्ती खरी आहे आणि एका डिस्कवर एकच सलग टायटल असेल तर ती चालूनही जाते. माझा आक्षेप एवढाच आहे की, स्टुडिओने मिरवणूक आणि तैलाभिषेक असे दोन भाग वेगळे केले असतील तर दुसऱ्या भागापाशी वेळेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झालेली असू शकते. अशा चिकटवलेल्या फायलीची एकूण लांबी प्लेअर भलतीच दाखवतो, पुढे सरकवले की कुठेतरी तिसरीकडेच जातो आणि काही टीव्ही पहिल्या भागाच्या शेवटी फाइल संपली असे समजून थांबतात. चित्रण सगळे असते, पण ते वापरण्यासारखे राहत नाही. आजीला रिमोट हाताळायचा असेल तर हा त्रास कशाला?

कुंभार वेस

जोडाजोडीपूर्वी मला तिसऱ्या डिस्कविषयी बोलायचे आहे, कारण खरा धोका तिथेच आहे. कोणतेही सॉफ्टवेअर लावून ती डिस्क पुन्हा पुन्हा फिरवत बसू नये. आधी तिन्ही डिस्कच्या आयएसओ प्रतिमा (अख्ख्या डिस्कची एकाच फायलीतली हुबेहूब प्रत) करून हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि पुढचे सगळे काम त्या प्रतिमांवरच करावे. मेकएमकेव्ही आयएसओ फाइलही उघडते. चांगल्या दोन डिस्कसाठी इमगबर्नसारखे साधे सॉफ्टवेअर पुरते.

डीव्हीडीवर लेखन आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे होत जाते, त्यामुळे डिस्क काठोकाठ भरली असेल तर शेवटचा भाग अगदी बाहेरच्या कडेला असतो. बोटांचे ठसे, ओरखडे आणि कडेकडून सुरू होणारी खराबी यांचा पहिला मार तिथेच बसतो. घरी लिहिलेल्या डिस्कवर माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते आणि उन्हाने व उष्णतेने तो थर खराब होत जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, हे लक्षात घेता पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या डिस्क इतकी वर्षे टिकल्या हेच विशेष म्हणायचे. त्यातल्या त्यात बरे हे की, डीव्हीडीचा हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, सीडीसारखा वरच्या बाजूला उघडा नसतो.

पुसायचे असेल तर मऊ, स्वच्छ, किंचित ओलसर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल गोल फिरवून कधीही पुसू नये. ओरखडा आडवा पडला तर ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तो भरून काढू शकते, पण तो लेखनाच्या वाटेनेच लांबवर गेला तर सलग माहिती जाते. आपल्या गावात टॉवेलांना तोटा नाही, परंतु या कामासाठी टर्किश टॉवेल घेऊ नये, चष्म्याचे कापड उत्तम.

यानंतरही अडत असेल तर लिनक्सच्या लाइव्ह (संगणकात काही न बसवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते वाचता येणारा भाग आधी पटापट उचलते आणि अडलेल्या जागा नंतरसाठी मागे ठेवते. कोणते सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) वाचले व कोणते राहिले याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवते, आणि खरा फायदा या नोंदीचाच आहे. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, तीच मॅप फाइल देऊन आज्ञा पुन्हा चालवली तर ते फक्त राहिलेलेच सेक्टर वाचायचा प्रयत्न करते. एका ड्राइव्हला न वाचता आलेले सेक्टर दुसऱ्याने सहज वाचले, असे पुष्कळदा होते. मित्राच्या जुन्या डेस्कटॉपमधला पूर्ण आकाराचा ड्राइव्ह मिळाला तर जरूर वापरावा. आज्ञेत सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्यावा, कारण डीव्हीडीचा सेक्टर तेवढा असतो.

काही सेक्टर गेलेच तरी हताश होऊ नये. एमपीईजी-२ मध्ये ठरावीक अंतराने पूर्ण चित्र साठवलेले असते आणि पाल (आपल्याकडच्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीवर हे अंतर सहसा १५ चित्रांपर्यंत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढे असते. एखादा सेक्टर गेला तर तेवढा वेळ चौकोनी ठिपके दिसतात आणि पुढचे पूर्ण चित्र आले की सारे पूर्ववत होते.

होटगी रोड

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दोन डिस्क विनासायास झाल्या. दुसऱ्या डिस्कवर खरोखरच दोन लहान टायटले आणि त्या दोघांना सामावणारे एक मोठे टायटल निघाले, तेव्हा मोठे तेवढे घेतले. ‘हर्र बोला हर्र’ आता अखंड ऐकू येते, जोड कुठे होता ते शोधूनही सापडत नाही. तिसरी डिस्क शेजाऱ्यांच्या जुन्या संगणकातील ड्राइव्हवर डीडीरेस्क्यूने जवळजवळ पूर्ण वाचली गेली, दारूकामाच्या शेवटी थोडे सेक्टर राहिले आहेत.

आता तीन एमकेव्ही फायली तयार आहेत. त्या एकत्र करण्यासाठी एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, तर पहिल्या दोन जुळतात, परंतु तिसरी जोडताना आवाजाच्या ट्रॅकवर ते हरकत घेते. तपशिलात पहिल्या दोन फायलींचा आवाज एसी-३ आणि तिसरीचा पीसीएम असा दिसतो. तिन्ही डिस्क एकाच स्टुडिओतून आल्या असताना हा फरक का पडावा?

सात रस्ता

स्टुडिओत ज्या दिवशी जे सॉफ्टवेअर आणि जी सेटिंग असेल त्याप्रमाणे डिस्क निघत असे, त्यामुळे असा फरक पडण्यात नवल नाही. डीव्हीडीच्या नियमात दोन्ही प्रकार बसतात. पीसीएम म्हणजे न दाबलेला आवाज. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ या हिशेबाने तो सेकंदाला १,५३६ किलोबिट जागा खातो, तर एसी-३ साधारण त्याच्या सहाव्या-आठव्या हिश्शात भागवतो. एमकेव्हीटूलनिक्स पुन्हा एन्कोडिंग करत नसल्यामुळे एकाच ट्रॅकमध्ये दोन वेगळे प्रकार ते सांधू शकत नाही. त्याची हरकत रास्त आहे.

उपाय सोपा आहे. तिसऱ्या फायलीचा फक्त आवाज एफएफएमपीईजी या सॉफ्टवेअरने एसी-३ मध्ये बदलून घ्यावा आणि चित्रासाठी ‘कॉपी’ हा पर्याय द्यावा, म्हणजे चित्राला हातही लागत नाही. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ आणि चॅनेल दोन, हे पहिल्या दोन फायलींशी जुळले पाहिजे. बिटरेट जुळण्याची गरज नाही, तेव्हा तो थोडा चढाच ठेवावा. पीसीएम आवाज असलेली मूळ एमकेव्ही फाइल मात्र पुसू नये. तिन्हींत चांगला आवाज तिचाच आहे, आणि पुढे कोणाला हलग्यांचा आवाज वेगळा काढावासा वाटला तर तीच उपयोगी पडेल.

चित्राच्या बाबतीतही जुळणी पाहून घ्यावी. तिन्ही फायलींत चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम आणि ४:३ असे दिसले म्हणजे झाले. एखादीवर १६:९ ची खूण पडली असेल तर जोडलेल्या फायलीत काही भागातल्या माणसांचा आकार बिघडलेला दिसू शकतो.

जोडताना पहिली फाइल ‘ॲड’ने घ्यावी आणि पुढच्या दोन ‘अपेंड’ने. तिन्ही एकदम ओढून टाकल्या आणि विचारल्यावर भलता पर्याय निवडला तर त्या एकापुढे एक न लागता एकाच वेळेच्या समांतर ट्रॅक म्हणून बसतात आणि टीव्हीवर फक्त पहिलीच दिसते. आणखी एक बारकावा, मागाहून वाचणाऱ्यांसाठी: हे सॉफ्टवेअर थेट व्हीओबी फायलींवर वापरायचे असेल तर फक्त एक क्रमांकाची व्हीओबी द्यावी. त्याच क्रमातील पुढच्या फायली ते स्वतःहून उचलते. आपणही हाताने जोडल्या तर तेच चित्रण दोनदा येते.

मुक्काम बार्शी

भाड्याने आणलेल्या किंवा विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कलाही हाच मार्ग लागू होतो का?

सात रस्ता

त्या डिस्कवर बहुधा प्रत काढणे रोखणारे कुलूप असते आणि ते तोडण्याला कॉपीराइट कायद्याचे कलम ६५अ लागते, ते २०१२ च्या दुरुस्तीने आले आहे. इथे चर्चा मामांच्या स्वतःच्या चित्रणाची आहे, त्यावर कुलूप नाही आणि हक्कही घरचाच आहे. तेवढ्यावरच थांबू या.

होटगी रोड

आवाज बदलून तिन्ही भाग जोडले गेले. फाइल साधारण बारा जीबीची झाली आहे. ती पेनड्राइव्हवर चढत नाही, जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. मावशीला पाठवण्यासाठीही ती फारच मोठी आहे. आता कॉम्प्रेस करावेच लागेल असे दिसते.

जुनी मिल

पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार, त्यावर चार जीबीच्या पुढची एक फाइल बसत नाही. टीव्हीला चालत असेल तर तो एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करावा, अर्थात त्यावरचे इतर काही हवे असेल तर आधी काढून घेऊन. पुष्कळ टीव्ही एमकेव्हीमधला एमपीईजी-२ व्हिडिओ जसाच्या तसा वाजवतात, तेव्हा आजीसाठी कदाचित कॉम्प्रेस करण्याची गरजही पडणार नाही. आधी करून पाहावे.

मावशीसाठी हँडब्रेक हे कॉम्प्रेस करण्याचे सॉफ्टवेअर वापरावे. हँडब्रेकला वेगवेगळी टायटले एकमेकांना जोडता येत नाहीत, म्हणूनच आपण जोडणी आधी उरकली. जोडलेली एमकेव्ही त्यात उघडून एच.२६४ निवडावे आणि दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, १९-२० च्या आसपास ठेवावा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. ठरावीक सरासरी बिटरेट देण्याचा मोह टाळावा, विशेषतः या चित्रणात. शोभेच्या दारूकामात धूर आणि ठिणग्या क्षणाक्षणाला बदलतात, त्यांना सभामंडपातल्या स्थिर दृश्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती लागते. आरएफ पद्धतीत सॉफ्टवेअर तिथे आपोआप सढळ हाताने जागा देते.

खरी किल्ली डीइंटरलेसिंगमध्ये, म्हणजे गुंफलेल्या रेषा सोडवण्यात आहे. मिनी डीव्हीचे चित्रण इंटरलेस्ड असते, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या रेषा गुंफलेल्या असतात. तसेच ठेवले तर नंदीध्वज झुलताना काठीच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. फिल्टरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ घेऊन त्याचा ‘बॉब’ प्रकार निवडावा आणि फ्रेमरेट मूळप्रमाणे ठेवण्याची सेटिंग करावी, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे मिळतात आणि मिरवणुकीची चाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी ओघवती राहते. चित्राचा आकार वाढवून १०८० करू नये, त्याने फाइल फुगते, तपशील काही वाढत नाही. ॲनामॉर्फिकची सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ असू द्यावी, नाहीतर माणसे सडपातळ होतात.

पूर्ण फाइल लावण्याआधी मिरवणुकीचा एक तुकडा आणि दारूकामाचा एक तुकडा एवढेच एन्कोड करून टीव्हीवर पाहावेत. हँडब्रेकमध्ये सेकंदांनुसार पल्ला देता येतो. जुन्या लॅपटॉपवर संपूर्ण काम रात्रभर चालू शकते, ते झाल्यावर सेटिंग चुकल्याचे कळणे परवडत नाही. पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवू नये, तिथे तो पुन्हा दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, त्याला दोन जीबीची मर्यादा आहे. त्यापुढे गेला तर गूगल ड्राइव्हची लिंक द्यावी.

होटगी रोड

टीव्हीने मूळ एमकेव्ही विनातक्रार घेतली, त्यामुळे आजीचा प्रश्न मिटला. मावशीच्या प्रतीसाठी तुकडे करून पाहिले, ‘बॉब’ने काठ्यांच्या कडा एकदम स्वच्छ झाल्या. एक शेवटची विचारणा: इतक्या लांबलचक फायलीत आजीला थेट अक्षता सोहळ्यावर जाता यावे, अशी काही सोय करता येईल का? सध्या रिमोटने पुढे नेले की कुठल्यातरी पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांवर जाते.

सात रस्ता

ते टप्पे म्हणजे स्टुडिओच्या सॉफ्टवेअरने डोळे मिटून टाकलेली प्रकरणे, म्हणजे चॅप्टर आहेत. एमकेव्हीटूलनिक्समध्ये पुन्हा जोडणी करताना तिन्ही फायलींच्या ‘चॅप्टर्स’वरची खूण काढावी आणि आउटपुटच्या पानावर प्रत्येक जोडापाशी नवे चॅप्टर तयार करण्याचा पर्याय निवडावा. तीन चॅप्टर आपोआप पडतील. मग त्याच सॉफ्टवेअरच्या चॅप्टर एडिटरमध्ये तयार फाइल उघडून त्यांना ‘तैलाभिषेक’, ‘अक्षता’, ‘होम’ अशी मराठी नावे देता येतात. दारूकाम आणि कप्पडकळी यांच्या सुरुवातीच्या वेळा नोंदवून तिथे आणखी दोन टाकावीत. यात पुन्हा एन्कोडिंग नाही, काही मिनिटांत होते. काही टीव्ही चॅप्टरची नावे दाखवत नाहीत, पण पुढच्या चॅप्टरवर उडी मारण्याचे बटण बहुतेकांत चालते. मावशीची प्रत या नव्या फायलीवरूनच काढावी, हँडब्रेक चॅप्टर सोबत घेते.